तीनशे गणवेश

शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण बायपोलर आजारावरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तो हात संथ झाला होता. दोन वर्षं तिने एकही गोळी चुकवली नव्हती. या काळात मन उधळलं नाही की खोल बुडालं नाही. भावाच्या दुकानात ती दिवसाला सहा शर्ट शिवायची आणि स्वस्थ झोपायची.

शाळेच्या तीनशे गणवेशांचं काम आलं तेव्हा वहिनीने तिच्या गोळ्या काढून घेतल्या.

"वन्सं, आजारी होतात तेव्हा काय वेग होता तुमचा! थोडे दिवस नाही घेतल्या तर काय आभाळ कोसळणार आहे?"

भाऊ गळ्यातला टेप काढून गणवेशाचं कापड मोजायला लागला.

वेग खरंच आला. झोप उडाली, शर्टांचे ढीग लागले, वहिनी हातात चहा आणून देऊ लागली. गणवेश वेळेत शाळेत पोचले, पण तिला थांबता येईना. घरातले पडदे, चादरी, स्वतःचे कपडे कापून ती मुलांच्या मापाचे शर्ट शिवत राहिली. शेवटी तिला धरून दवाखान्यात न्यावं लागलं.

"गोळ्या कोणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऐकतात कुठे त्या कोणाचं!" वहिनीने डोळ्यांना पदर लावला.

तिने भावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. परत त्याच घरात राहायचं होतं.

"मीच," ती म्हणाली.

"मग यापुढे गोळ्या तुम्हीच सांभाळा," डॉक्टर वहिनीला म्हणाले.

तेव्हापासून प्रत्येक गोळी तिला वहिनीकडे मागावी लागते.