सातपर्यंतची नजर

बाजाराचा रस्ता जिथे वळतो, तिथे किल्ल्या करणाऱ्या दोन भावांचं दुकान होतं. खोली एकच, आणि तीही इतकी अरुंद की दोघं एकदम उठले तर एकाला पोट आत ओढून घ्यावं लागे. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे घोस, लांब लाकडी बाकाच्या दोन टोकांना किल्ली आवळून धरायचे दोन व्हाइस, आणि बाकाखाली पितळेच्या भुग्याचा पिवळा थर. थोरला खिडकीपाशी बसे, धाकटा दाराशी. गिऱ्हाईक दारातच उभं राही, त्यामुळे थोरल्याकडे जाणारी किल्ली धाकट्याच्या हातून जायची आणि त्याच्याच हातून परत यायची.

दुकानाची एक रीत होती. ती त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, घालून दिली होती. गिऱ्हाइकाची किल्ली बाकावर ठेवायची नाही. हातात घ्यायची, मनात सातपर्यंत मोजायचं, तेवढ्यात दोन्ही बाजूंचे दाते डोळ्यांत भरून घ्यायचे, आणि किल्ली परत द्यायची. मग कानस उचलायची आणि नुसत्या आठवणीवर कोऱ्या पितळेतून दाते काढायचे. आप्पा म्हणायचे, माणूस आपल्या घराचा दरवाजाच आपल्या हातात देतो, तो सातच्या वर धरून ठेवला तर त्याला झोप लागायची नाही. आप्पा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांचं मोजणं त्या खोलीत अजून चालू होतं.

थोरल्याला ही नजर उपजत होती. दहाव्या वर्षी तो चारपर्यंत मोजायचा आणि किल्ली झेलायला फेकावी तशी परत द्यायचा. आप्पा कौतुकाने शेजारच्या दुकानदारांना बोलावून आणत. धाकट्याचं उलट. तो सातपर्यंत मोजे, पुन्हा किल्ली मागे, पुन्हा बघे, आणि तरी एखादा दाता त्याच्या हातून निसटे. आप्पांनी त्याचं नाव ठेवलं ‘सावकाश’. पुढे सगळी गल्ली त्याला त्याच नावाने हाक मारू लागली, आणि तो त्या नावाला ओ देऊ लागला.

चौदाव्या वर्षी थोरला लाकडाच्या वखारीमागे जाऊ लागला. तिथे मोठी पोरं बसायची. आधी बाटली फिरली, मग गांजाची चिलीम. हुशार पोराला वाटतं, आपल्याकडे एवढं आहे की थोडं उधळलं तर काय बिघडतंय. थोरल्याने चार-पाच वर्षं उधळलं. शनिवार होता तो आठवडाभर झाला, संध्याकाळ होती ती दुपारवर आली. मग एक दिवस आप्पांनी त्याला एक साधी किल्ली दिली. त्याने सातपर्यंत मोजलं, किल्ली परत केली, कानस उचलली, आणि कोऱ्या पितळेकडे बघत बसला. पाचवा दाता बघेपर्यंत पहिला मागच्या दाराने निघून गेला होता. आप्पांनी ती किल्ली सावकाशला दिली.

त्या दिवसापासून थोरल्याने ना बाटलीला हात लावला ना चिलमीला. त्या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. गेलेल्यातलं काही परत आलं, सगळं नाही आलं. त्याला नावं आठवत, रस्ते आठवत, पण किल्लीचे दाते एका ओळीत उभे राहत नसत. मग त्याने एक युक्ती केली. कपडे धुण्याच्या साबणाची पातळ चकती तो डाव्या तळव्यात धरू लागला. मोजता मोजता किल्ली तिच्यावर अलगद दाबायची, दोन्ही बाजूंनी. नंतर बाकाच्या कडेआड ती चकती ठेवायची, आणि बघून बघून दाते काढायचे. आप्पांना कळलं नाही, भावाला कळलं नाही, असं तो धरून चालला.

आणि तो जळत राहिला. सावकाशने वर्षानुवर्षं घासून घासून ती नजर मिळवली होती, आणि थोरल्याला ते बघवत नसे. सावकाशचं गुणगुणणं त्याला खुपे, चहा फुंकर घालून पिणं खुपे. सगळ्यात जास्त खुपे ते त्याचं फडकं. थोरल्याने परत केलेली प्रत्येक किल्ली सावकाश मांडीवरच्या मऊ फडक्याने दोनदा पुसायचा आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. गिऱ्हाइकं खूश व्हायची. थोरला घरी जाऊन बायकोला म्हणायचा, मोठा टापटिपीचा आलाय, जसं काही आम्ही शेणात हात घालून बसतो. बायको म्हणायची, मग तुम्ही पण एक फडकं घ्या, चार आण्याचं काम आहे.

त्यात लेक मोठी झाली. पंधरा वर्षांची. शाळा सुटली की दुकानात यायची आणि डबा उपडा घालून बसायची, तीही काकाशेजारी. बापाशेजारी जागा नव्हती असं नाही. सावकाशने तिला मोजायला शिकवलं, आणि महिन्याभरात ती पाचवर आली. पाचवर. सावकाश हसून म्हणाला, ही दादावर गेलीय. थोरल्याने मान खाली घालून कानस जोरात ओढली. आपली हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या खिशात दिसावी तसं त्याला झालं, आणि तो खिसा पोटच्या पोरीचा होता.

मग एका सोमवारी लेकीची एक किल्ली अडकली. दोन दात्यांची अदलाबदल झाली होती. ती हसली, दुसरी करायला घेतली, तीही अडकली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ती मोजता मोजता मध्येच थांबे आणि कुठवर आलो हेच विसरे. एक दिवस ती वाकून कोरी किल्ली काढत होती, तेव्हा तिच्या ओढणीचा वास थोरल्याच्या नाकात गेला. जळक्या पाल्याचा, गोडसर. तो वास तो शंभर वासांत ओळखला असता.

आणि त्या क्षणी त्याला बरं वाटलं. सांगायला जड जातं, पण खरं तेच. आता हिलाही कळेल, असं काहीतरी त्याच्या आत हललं आणि सुखाने पाय पसरून बसलं. दोन-तीन श्वासांपुरतंच. मग त्याला स्वतःची इतकी शिसारी आली, की तो उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

औषधाच्या कपाटाची किल्ली करून घ्यायला दवाखान्याची डॉक्टरीण आली, तेव्हा त्याने दारापर्यंत जाऊन तिला हळूच विचारलं, दारू-गांजाने गेलेली आठवण परत येते का. एका ओळखीच्या माणसाचं आहे, म्हणाला. डॉक्टरीण शहाणी होती, तिने ओळखीच्या माणसाचं नाव विचारलं नाही. ती म्हणाली, माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडतच असतो, आणि थांबायला सांगणारा, नीट विचार करायला लावणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. त्या वयात दारू, गांजा आत गेला की आठवण आणि लक्ष यांच्यावर घाव बसतो. जितकं लवकर आणि जितकं जास्त, तितकं वाईट. तुमच्या त्या माणसाचं किती त्याच्यामुळे गेलं, हे आज कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण आत्ताच कुणी सुरू केलं असेल आणि आत्ताच थांबलं, तर पुष्कळ भरून येऊ शकतं.

रविवारी दुपारी दुकान बंद असे. थोरल्याने लेकीला बोलावलं. सावकाश दाराशी व्हाइसला तेल देत होता. त्याला जायला सांगावं असं थोरल्याच्या मनात आलं, पण तोंडातून निघालं नाही. त्याने आप्पांच्या जुन्या पेटीची किल्ली काढली. लेकीने ती कधी बघितली नव्हती. म्हणाला, सातपर्यंत मोज आणि कर. तिने केली. पेटीच्या कुलपात ती अर्धी फिरून अडकली. मग त्याने दुसरी कोरी किल्ली घेतली, दोन्ही तळवे उघडून दाखवले, सातपर्यंत मोजलं, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा साबणाशिवाय किल्ली केली. ती अर्धीही फिरली नाही.

दोन्ही किल्ल्या त्याने बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि वखारीमागची सगळी गोष्ट सांगितली. लेक नखाने बाक खरवडत ऐकत होती.

“मी काय रोज नाही ओढत,” ती म्हणाली. “फक्त शनिवारी. सगळेच ओढतात, बाबा.”

“मीही शनिवारपासूनच सुरू केलं होतं.”

मग त्याने खिशातून साबणाची चकती काढून तिच्यापुढे ठेवली. आपलं घर जाळून दाखवावं तसं त्याला वाटत होतं. लेकीने चकतीकडे बघितलं, आणि तिला काही नवल वाटलं नाही.

“साबणाचं माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे? काका तुमची प्रत्येक किल्ली पुसतो, ते काय हौस म्हणून? खाचांमध्ये साबण राहतो.”

सावकाश तेलाची कुपी तशीच धरून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. थोरला त्याच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो ज्या फडक्यावर जळत होता, त्याच फडक्याने त्याची अब्रू झाकून ठेवली होती. आणि गंमत बघा, ते कळल्यावरही त्याच्या मनात पहिलं काय आलं? हाही मोठेपणा ह्यानेच पटकावला.

पण आता झाकायला काही उरलं नव्हतं. त्यामुळे उरलेलंही तो बोलून गेला.

“तुझी किल्ली अडकायला लागली ना, त्या दिवसांत एकदा मला बरं वाटलं होतं.”

लेकीचं नख थांबलं. वखार, गांजा, मेंदू, हे सगळं ऐकून तिचा चेहरा हलला नव्हता, तो आता हलला. तिने विचारलं, “आत्ता अडकली तेव्हा?”

“भीती वाटली.”

ती उठली आणि निघून गेली. दोन दिवस तिने बापाशी अबोला धरला. त्यानंतरच्या एका शनिवारी ती पुन्हा गांजा ओढायला गेली, तेही घरात कळलं, रडारड झाली. मग मात्र हळूहळू शनिवारची दुपार ती दुकानात काढू लागली. सावकाश तिला पुन्हा सातपर्यंत मोजायला लावी, आणि तीन महिने तिला सातही पुरत नव्हते.

थोरल्याने साबणाची चकती आता उघड बाकावर ठेवली होती. कोणी विचारलं तर सांगे, माझी नजर पोहोचत नाही, मी ठसा घेतो, तुमच्यासमोर पुसून टाकतो. एक-दोघं परत आले नाहीत, बाकीच्यांना काही वाटलं नाही. पहिल्या दिवशी सावकाशने आपलं फडकं बाकावरून त्याच्याकडे सरकवलं आणि एवढंच म्हणाला, “आता तूच पूस, दादा. माझी मांडी घासली गेली.”

पावसाळा सरता सरता डॉक्टरीण पुन्हा आली. जुनं कपाट बदललं होतं, नव्याची किल्ली लांब आणि दोन्ही अंगांनी बारीक दाते असलेली. लेकीने हात पुढे केला. तिचे ओठ हलत होते ते थोरला मोजत होता. पाचवर तिने किल्ली परत दिली. कानस चालली, थांबली, चालली. डॉक्टरीण नवी किल्ली घेऊन गेली आणि थोड्या वेळाने तिने निरोप पाठवला, पहिल्याच फिरवण्यात कपाट उघडलं.

सावकाश हसला. लेकीने हात झटकले, पितळेचा भुगा उडाला, आणि तिने काहीच विशेष घडलं नसल्यासारखी दुसरी कोरी किल्ली उचलली. थोरल्याच्या आत जळफळाटाची ती जुनी, ओळखीची कळ उठली. पाचवर केली. आपल्याला या जन्मात जमणार नाही ते हिने पाचवर केलं. कळ खरी होती, चांगली जोरात होती. लेकीची नजर हरवली होती तितके महिने ती आली नव्हती, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्याने फडकं मांडीवर पसरलं, आणि बराच वेळ तो सुखाने जळत बसला.