दम

नातीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळ्या पेशींत मधेच काही तपकिरी दिसल्या.

"आबा, हवा कमी पडली की पेशीत एक प्रथिन साठतं. आमचं रंग आणणारं प्रतिपिंड तेवढ्यालाच चिकटतं, म्हणून तो रंग."

"म्हणजे या दमलेल्या."

"दमल्यात, पण जगायला नव्या रक्तवाहिन्या मागवतात."

मी तालमीत वाढलो. तिथं दम लागणं म्हणजे हरणं. म्हणून हल्ली धाप लागते, ते घरात कुणाला कळू दिलं नाही. आणि हा एवढासा ठिपका लाजत नाही, हाक मारतो! ज्याला दम लागला, त्याच्यातच दम दिसला.

नातीबरोबर घरचा जिना चढताना मधेच बसलो.

"काय झालं, आबा?"

"दम लागलाय. उद्या डॉक्टरकडं ने. आणि हात धरू नकोस, उठतो मी."