घासलेला क्राउन

...तर भिंगवाल्यानं ते नाणं दोन बोटांत, काठाला धरून उचललं, इथवर आपण आलो होतो. बरोबर काठालाच! नाण्याच्या तोंडावर बोट टेकवणाऱ्याला तो दुकानाबाहेर काढायचा, मग सख्खा व्याही का असेना.

धंदा त्याचा घड्याळदुरुस्तीचा; पण जीव सगळा जुन्या ब्रिटिश स्मारक नाण्यांत. राज्याभिषेक झाला, राजघराण्यात लग्न झालं, की तिकडे नाणं निघायचं, आणि ते कोणाच्या तरी ट्रंकेतून फिरत फिरत शेवटी ह्याच्या टेबलावर यायचं. किंमत तो फुकट सांगायचा. शिव्याही फुकट. काचेवर पाटी होती: 'नाणी घासून आणू नयेत.'

त्या दिवशी समोर त्याची थोरली बहीण बसली होती. तिची नात शनिवारी शिकायला परदेशी निघालेली. ताईला तिच्या वडिलांनी दिलेलं नाणं आता नातीच्या हाती द्यायचं होतं, पण जावई हसला होता, "आई, हे जत्रेतलं खेळणं दिसतंय." म्हणून भावाच्या सहीची चिठ्ठी हवी होती. भावानं लिहिलं की अख्खं गाव मान डोलवायचं, कारण त्यानं आजवर कोणाची भीड म्हणून एक अक्षर बदललं नव्हतं.

भिंग डोळ्याला लागलं. काठावर खोल कोरलेली अक्षरं, लाकडी खेळण्यासारखा ताठ घोडा, त्यावरचा स्वार.

"अस्सल आहे, ताई! पस्तीस सालचा क्राउन. राजाच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा."

ताईनं श्वास सोडला. तेवढ्यात भिंगवाल्याचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला.

"अरेरे! हे कोणी घासलं? सगळीकडे ओरखडे! कुठल्या गाढवाला ही अक्कल सुचली?"

"तुला."

"काय?"

"सात वर्षांचा होतास. मी तापानं फणफणले होते. चमकतं नाणं बघून ताईला बरं वाटेल म्हणून दोन दिवस चुलीची राख घेऊन बसला होतास. बोटं सोलली होती तुझी."

भिंगवाल्यानं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. पुसण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं, बरं का. मग कागद ओढून तो बराच वेळ लिहीत बसला.

ताईला राहवेना. "हे बघ, माझी भीड धरून खोटं लिहू नकोस. ओरखडे लपवलेस तर मी ही चिठ्ठी पोरीला देणार नाही. काय लिहिलंस?"

त्यानं कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "जे आहे तेच. नाणं अस्सल, चांदी अर्धी, घासल्यामुळे बाजारात भाव निम्मा. घासणारा कोण, तेही लिहिलंय. तपासणाराही तोच, म्हणून सही एकदाच केलीय."