लिओनिलाने घरातली बोली सोडली

लिओनिला आगबायानी बोलायला लागली की आमच्या रांगेतल्या शिवणयंत्रांचा वेग आपोआप कमी व्हायचा. कॅनडातल्या विनिपेगच्या त्या कारखान्यात आम्ही हिवाळी कोट शिवायचो. बाया बहुतेक फिलिपीन्सहून आलेल्या, आणि आमची रांग तर सगळी इलोकानो बोलणाऱ्यांची. लिओनिला कोटांच्या टोप्यांना केसाळ कड लावायची. ओठांत टाचण्या धरून, मान वर न करता ती असं काही बोलून जायची, की आमची हसून हसून मुरकुंडी वळायची. आवाज ऐकून आमचा सुपरवायझर हेल्मुट यायचा, कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा.

"बघा याचं तोंड," लिओनिला इलोकानोत म्हणायची, "भलत्याच लग्नात जेवायला बसल्यासारखं."

हेल्मुटला काही कळायचं नाही. तोही हसायचा बिचारा. आम्ही सगळ्या तिला मनांग म्हणायचो, म्हणजे थोरली बहीण.

तिचा नवरा क्रिस्पुलो रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. त्याच्या टोळीचा मुकादम नदीपलीकडच्या सेंट बॉनिफेसचा, फ्रेंच माणूस. तो साहेबाशी इंग्रजीत बोलायचा, टोळीतल्या अर्ध्या माणसांशी फ्रेंचमध्ये, आणि कुठेच अडायचा नाही. क्रिस्पुलोच्या डोक्यात ते बसलं. मुलगी मारिविक पाच वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला फ्रेंच शाळेत घालायचं ठरवलं. इंग्रजी घरांतल्या मुलांना पहिल्या दिवसापासून सगळं फ्रेंचमध्येच शिकवायचं, अशी ती शाळा. त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते.

"इंग्रजी ती रस्त्यावर उचलेल," क्रिस्पुलो म्हणाला. "आपली बोली घरात आहेच. राहिली फ्रेंच. ती आपल्याला देता येत नाही, तर शाळेने द्यावी."

"आणि उद्या ती मला फ्रेंचमध्ये शिव्या देईल, त्या कळणार कशा?" लिओनिलाने विचारलं.

"आवाजावरून."

"हो, तुझ्या आईच्याही आवाजावरूनच कळायच्या."

मारिविक टेबलाखाली बसून वाळवलेली मासळी मांजराला घालत होती. ती खालूनच ओरडली, "आजी शिव्या द्यायची?" आणि आम्ही तिघंही हसलो. तेव्हा ती पोर अशीच होती. अखंड टकळी चालू, आणि सगळी इलोकानोत.

पहिल्याच हिवाळ्यात क्रिस्पुलो गेला. शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारातला बर्फ उपसताना छातीत कळ आली आणि तो फावड्यावरच कोसळला.

मारिविक शाळेत जात राहिली, पण तिथे तिच्या तोंडाला कुलूप लागलं. वर्ष उलटलं, ती पहिलीत गेली, तरी वर्गात ब्र काढेना. फ्रेंचमध्ये नाही, इंग्रजीत नाही, बाथरूमला जायचं असलं तरी नाही. मग शाळेने लिओनिलाला बोलावलं. तिची शाळा गावाकडे तिसरीतच सुटलेली, आणि कारखान्यात इंग्रजीची गरज कधी पडली नव्हती. म्हणून दुभाषी म्हणून ती मला घेऊन गेली.

समोर वर्गाची मादाम, म्हणजे शिक्षिका, होती, तरुण, घाबरलेली. तिच्याशेजारी शाळेची समुपदेशक, मऊ आवाजाची बाई.

"घरी कोणती भाषा बोलता?" समुपदेशक बाईने विचारलं.

मी सांगितलं.

"तिथेच अडचण आहे," ती म्हणाली. "बाहेर इंग्रजी, शाळेत फ्रेंच, घरी आणखी तिसरी. एवढ्याशा डोक्यात गोंधळ उडतो. एक तर हिला साध्या इंग्रजी शाळेत घाला. किंवा मग घरातली ती तिसरी भाषा बंद करा आणि इंग्रजी बोला. निर्णय तुमचा."

मी ते शब्दाला शब्द लिओनिलाला सांगितलं. तिने जरा वेळ मादामच्या टेबलावरच्या रंगीत खडूंकडे पाहिलं.

"तिला सांग, वडील गेलेत पोरीचे."

मी सांगितलं. समुपदेशक बाईने लिओनिलाच्या हातावर हात ठेवला. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "म्हणूनच तिच्यावरचं ओझं कमी करा." बाई मनाने वाईट नव्हती. तेव्हा तिच्यासारखी शिकलेली सगळी माणसं असंच सांगायची.

बसथांब्यावर मी लिओनिलाला म्हटलं, "मनांग, काढ तिला तिथून. माझी पोरं जातातच की इंग्रजी शाळेत."

"क्रिस्पुलोने घातलंय तिला. त्याचा शब्द खाली पाडू?"

"अगं, पण इंग्रजीत तू बोलणार काय तिच्याशी? हेल्मुटला गुड मॉर्निंग म्हणतेस तेवढंच तुझं इंग्रजी."

"शिकेन."

"कधी?"

"अदेला, बस आली," ती म्हणाली आणि माझ्याआधी चढली.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. मारिविक बाहेरून पळत आली, हातमोजे काढता काढता इलोकानोत काहीतरी सांगू लागली. खालच्या मजल्यावरच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. लिओनिलाने बोट वर केलं.

"नाही. इंग्रजी."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. मग तिने इंग्रजीत सांगून पाहिलं, कुत्री, लहान कुत्री. लिओनिलाने मान डोलावली. "छान," ती म्हणाली. "हात धू. खा."

वसंतात मारिविक वर्गात बोलू लागली. शाळेला वाटलं सल्ला लागू पडला. मला विचाराल, तर ती एरवीही बोलली असती, दुःख जरा जुनं झाल्यावर. पण हे सिद्ध कसं करायचं? लिओनिलाने मात्र ठरवलं ते ठरवलं. बोललेला शब्द मोडणारी ती बाई नव्हे.

आणि इंग्रजी काही तिला आली नाही. तिने रात्रशाळेत नाव घातलं, पण दिवसभर सुईवर डोळे ताणून संध्याकाळी फळ्यावरची अक्षरं तिला दिसेनात. मुलीशी बोलायला तिच्याजवळ उरले ते मोजके शब्द. ऊठ. खा. थंड आहे. कोट घाल. अभ्यास कर. झोप. एवढ्यावर एक अख्खं बालपण निघालं. कारखान्यात आठ तास खळखळून बोलणारी बाई घराची पायरी चढताना गप्प व्हायची, जणू ती जीभ तिथल्या कपाटातच ठेवून जायची.

मारिविक शाळेत चमकली. दरवर्षी वसंतात शाळेचा कार्यक्रम असायचा. लिओनिला नवा ब्लाउज घालून पुढच्या रांगेत बसायची. आजूबाजूला डॉक्टर, मास्तर, बँकेतली माणसं. त्यांनाही पोरांचं फ्रेंच कळायचं नाही, पण घरी गेल्यावर ते पोरांना विचारू शकत होते, त्या गाण्यात काय होतं, तू टोपी का फेकलीस. लिओनिला टाळ्या वाजवायची, कोट हातात घेऊन दारापाशी थांबायची. मारिविक मैत्रिणींशी फ्रेंचमध्ये खिदळत यायची, आणि आईपाशी पोचली की तिचा आवाज खाली जायचा.

"छान," लिओनिला म्हणायची. "टोपी घाल."

मोठी झाल्यावर मारिविक मला एकदा म्हणाली, "आई कमी बोलते. स्वभावच आहे तिचा. कोरडी नाही म्हणणार मी, पण..." मला वाटलं चेष्टा करते आहे. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर चेष्टा नव्हती.

मग कारखाना बंद झाला. काम स्वस्त देशांत गेलं. शेवटच्या दिवशी आम्ही यंत्रं बाजूला सारून लांब टेबल मांडलं. कुणी शेवया आणल्या, कुणी कारलं-वांग्याची भाजी, आणि भात तर डोंगराएवढा. जेवणं झाल्यावर सगळ्या ओरडल्या, "मनांग, रेड्याची!"

लिओनिला खुर्चीवर उभी राहिली. तेवढ्यात मारिविक तिला न्यायला आली. तेव्हा ती विद्यापीठात होती. दारात थांबली, कोटाची बटणं तशीच लावलेली. आईने तिला पाहिलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

खुर्चीवर लिओनिला हातवारे करत होती, आवाज काढत होती, रेड्यासारखी मान वळवत होती. बायका एकमेकींच्या खांद्यावर कोसळत होत्या. हेल्मुटसुद्धा डोळे पुसत होता. मारिविक पाहत राहिली. रस्त्यात अनोळखी माणसाकडे पाहावं तशी.

"काय सांगते आहे?" तिने मला विचारलं.

"तिच्या वडिलांनी एक रेडा आणला होता," मी म्हटलं, "शेजारच्या पांगासिनान प्रांतातल्या बाजारातून, स्वस्तात. घरी आणून नांगराला जुंपला तर हलेना. इलोकानोत चल म्हटलं, थांबला. थांब म्हटलं, बसला. तेव्हा कळलं, त्याला आपली बोलीच येत नाही. मग वडील चालत परत गेले, विकणाऱ्याकडून त्याच्या बोलीतले शब्द शिकून आले. चल. थांब. वळ. खा. आणि मग..."

"आणि मग?"

खुर्चीवर लिओनिला तेच सांगत होती, रेडा मरेपर्यंत सगळं घर त्याच्याशी तेवढेच शब्द बोललं, आणि रेड्याला वाटायचं की ही माणसं किती कमी बोलतात. इथेच सगळ्यांत मोठा हशा पिकायचा. पिकला.

"मग काही नाही," मी म्हटलं. "सांगण्यात मजा आहे तिच्या."

पण मारिविक हुशार पोरगी. तिने टेबलाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आई विनोदी आहे," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर ती आईला म्हणाली, "माझ्याशी तुझ्या भाषेत बोल. मला नाही कळलं तरी चालेल. बोल." दुसऱ्या दिवशी लिओनिलाने मला हे सांगितलं.

"मग बोललीस?"

"तोंड उघडलं गं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं की इंग्रजीच येते. इतकी वर्षं तिथे तीच ठेवली ना मी. आणि इंग्रजीत माझ्याकडे आहे काय? म्हटलं, खा."

मारिविक शिक्षिका झाली, दूर पूर्वेला, केबेकमधल्या शेरब्रुक गावात. देशोदेशीची माणसं तिथे येतात, त्यांच्या पोरांना ती फ्रेंच शिकवते. पहिल्या दिवशी आईबापांना बोलावून सांगते, घरी तुमचीच भाषा बोला, फ्रेंचचं मी बघते. रविवारी आईला फोन करायची. खाल्लं का, थंडी आहे का, एवढंच बोलून फोन संपायचा. तो ठेवला की लिओनिला लगेच मला फोन लावायची आणि मारिविकला सांगायचं ते सगळं मला सांगायची. चर्चमध्ये कोण कुणाशी भांडलं, नवा पाद्री नाकातून कसा गातो, क्रिस्पुलो स्वप्नात आला तर बूट न काढताच गादीवर बसला.

"अगं, हे तिला सांग. मी मध्ये बसते, इंग्रजी करते," मी एकदा म्हटलं.

"विनोद दुसऱ्याच्या तोंडून?" ती म्हणाली. "शिळा भात बरा त्यापेक्षा."

एके दिवशी मारिविकचाच मला फोन आला. "मावशी, मला शिकवशील? आईला सांगू नकोस." मग बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघी फोनवर बसू लागलो. पोरीचे उच्चार सगळे फ्रेंच वळणाचे, गळ्यातून घासत येणारे. लहानपणीचं काही परत येईल असं मला वाटलं होतं. फार थोडं आलं. कुत्री, पिल्लू, आजी, मासळी.

उन्हाळ्यात ती आली. लिओनिलाने नेहमीसारखं ताट वाढलं. पहिलं संपताच दुसऱ्यांदा वाढायला आली. मारिविकने हात आडवा धरला आणि पाठ केलेलं वाक्य इलोकानोत म्हटलं. तिला म्हणायचं होतं, माझं पोट भरलं. अक्षरं इकडची तिकडे झाली आणि ती म्हणाली, मी पापी आहे.

लिओनिला डाव हातात धरून तशीच उभी राहिली. मग खाली बसली. मग तिला असं हसू फुटलं की पदराने डोळे पुसावेत तसे तिने टेबलक्लॉथने पुसले. "पापी!" ती इलोकानोत म्हणाली. "एवढ्याशा भाताने?" पापी आणि भात, मारिविकला दोन्ही शब्द कळले. तीही हसायला लागली. मग लिओनिलाने तिला पोट भरल्याचा खरा शब्द नीट म्हणून दाखवला, दोनदा, सावकाश, लहान पोराला शिकवावा तसा.

एवढंच. चमत्कार झाला नाही. पुढचे दोन उन्हाळे त्या थोडंथोडं बोलल्या, भाज्या, हवा, नातेवाईक. लिओनिला अडली की इंग्रजीवर जायची, मारिविक अडली की गप्प बसायची. रेड्याची गोष्ट ऐकायला पुरेल एवढी भाषा मारिविकजवळ अजून जमली नव्हती. मग लिओनिलाच्या पोटात गाठ निघाली, आणि पानगळ संपायच्या आत ती गेली.

नऊ दिवसांची प्रार्थना चर्चच्या तळघरात झाली. आमच्यात रोज माळ जपून झाल्यावर जेवण असतं, आणि जेवताना गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. लिओनिलाबद्दल बोलायचं म्हणजे हसणं आलंच. कारखान्यातल्या बाया एकामागून एक तिचं काही ना काही सांगत होत्या, आणि खोली हशाने भरून जात होती.

मारिविक माझ्याशेजारी होती. सगळ्या हसायच्या, आणि हसू ओसरत आलं की ती हसायची, एक क्षण उशिरा, एकटीच. तोवर बाकीच्यांनी घास तोंडात घातलेला असायचा. तिला समजत होतं म्हणून ती हसत होती, की आम्ही हसलो म्हणून, ते मी विचारलं नाही. मी तिच्या ताटात भात वाढला.