चिमटीतलं तेल

माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, ‘चेनसॉ दुरुस्ती, धार, तेल व सल्ला’. शेवटचा शब्द माझ्या हट्टापायी आला. पेंटर म्हणत होता जागा उरली नाही, म्हणून ‘सल्ला’ कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात बसलाय. त्याने काही बिघडलं नाही, कारण तो आजवर कोणी मागितलेलाच नाही. लोक धार लावून घेतात, चेन बदलून घेतात, आणि तेल कुठलं घेऊ हे विचारायची वेळ आली की माझ्या खांद्यावरून मागच्या बाकड्याकडे बघतात. बाकड्यावर मामा बसलेले असतात.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सगळं आयुष्य झाडं कापण्यात गेलं. वाकलेली, वाळलेली, विजेच्या तारांवर रेललेली. अंगाने किरकोळ, आवाजाने दांडगे. नम्रपणा त्यांच्या वाटेला कधी गेला नाही. ‘माझ्यासारखा कापणारा पुन्हा होणे नाही,’ हे ते ‘आज उकडतंय’ इतक्या सहज म्हणतात. धंद्यातली माणसं त्यांना चिमटीमामा म्हणतात, आणि ते नाव कसं पडलं हे सांगायचं तर आधी तेलाचं सांगावं लागेल.

ज्यांनी चेनसॉ कधी हातात धरला नाही, अशा सुखी माणसांसाठी सांगतो. मशीनला दोन टाक्या असतात. एकीत पेट्रोल, दुसरीत तेल. पुढे लांब पोलादी पट्टी असते आणि तिच्या कडेने दातांची चेन गरगरते. तेल झिरपत त्या पट्टीवर येतं. ते चिकट हवं. पातळ असलं तर पट्टीच्या टोकाशी वळण घेताना उडून जातं आणि कापणाऱ्याच्या पॅन्टवर बसतं. पॅन्ट गुळगुळीत, पट्टी कोरडी. कोरडी पट्टी तापते, निळी पडते, चेन सैल होते, आणि सैल चेन कोणाची मावशी लागत नाही. फार घट्ट असलं तर थंडीत टाकीतून बाहेर यायला तयार नसतं. काही जण गाडीतून काढलेलं जळकं तेलच फुकटात मिळतं म्हणून घालतात. मामा त्यांच्याशी बोलत नाहीत.

डब्यावर काय छापलंय ते मामांनी कधी वाचलं नाही. ते थेंबभर तेल अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत घेत, डोळे मिटून दाबत, आणि बोटं अगदी सावकाश लांब करत. चांगल्या तेलाची पाकासारखी तार निघते. ती किती ताणते, कुठे तुटते, तुटताना बोटाला ओढ देते की नाही, हे सगळं ते म्हणे बोटांनी ऐकत. मग म्हणत, ‘हूं.’ आखूड ‘हूं’ म्हणजे घ्या. लांबलेलं ‘हूंऽऽ’ म्हणजे दाराच्या बिजागरीला लावा. अख्ख्या गावातले कापणारे सकाळी कामावर जाण्याआधी माझ्या दुकानासमोर चहा प्यायला जमत, ते या ‘हूं’साठी. मी फक्त दुकानाचा मालक.

आणखी एक गोष्ट ते चारचौघांत वरचेवर सांगत. त्यांना काम शिकवणारा म्हातारा. वर्षानुवर्षं थरथरतं मशीन धरून त्याची बोटं बधिर झाली, पण तो थांबला नाही. चेन सैल झालेली त्याच्या बोटांना कळली नाही. ती पट्टीवरून उतरली आणि त्याचा गुडघा घेऊन गेली. ‘मी तसं करणार नाही,’ मामा म्हणत. ‘ज्या दिवशी तेल माझ्या बोटाला कळणार नाही, त्या दिवशी मशीन खाली.’ हे बोलून ते चहाचा ग्लास दोन बोटांच्या टोकांनी काठाला धरत, या हातातून त्या हातात नाचवत, आणि टपरीवाल्यावर ओरडत, ‘चहा देतोस की चटके?’

आता माझी करामत. एक विक्रेता दुकानात आला. टाय बांधलेला. टाय बांधलेल्या माणसाने मला आजवर जे विकायचं ठरवलं ते मी घेतलंय. माळ्यावर एक मालिश करणारी खुर्चीसुद्धा पडून आहे. त्याने नवीन तेल आणलं होतं, मधासारख्या रंगाचं. ‘या भागाचे एकमेव वितरक तुम्ही,’ तो म्हणाला. एकमेव हा शब्द मला कोणी लावला नव्हता. बायकोने तर नाहीच, आणि तिला तसा वाव होता. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. नंतर स्वतः चिमटीत धरून पाहिलं. तार निघाली नाही. पण माझा अंगठा माझ्याच स्वभावाचा आहे, मालकाला सोयीचं तेच बोलतो. म्हटलं, मामा ठरवतील.

मामांनी दुसऱ्या सकाळी सगळ्यांसमोर चिमूट घेतली. डोळे मिटले. बोटं लांब झाली. मी समोरच उभा होतो, मला तार दिसली नाही. मग मामा म्हणाले, ‘हूं.’

आखूड.

मी मनातल्या मनात स्वतःलाच झापलं. त्यांच्या बोटांना जे कळतं ते माझ्या डोळ्यांना काय कळणार! डबे भराभर गेले. मी बायकोला सांगितलं की माणसाला धंद्याची नस सापडावी लागते. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

आठवडा सरला नाही तोच दुकानासमोर मोर्चा. पुढे लांब्या, आमच्यातला सगळ्यात उंच कापणारा. त्याच्या हातातली पट्टी टोकाला निळी पडली होती. मागे पैलवान, जो काडीसारखा आहे. त्याची चेन गळ्यातल्या माळेसारखी लोंबत होती. पॅन्ट मात्र सगळ्यांची छान तेलकट.

‘पाणी आहे का तेल?’ लांब्याने पट्टी माझ्या पुढ्यात आपटली. मग तो थबकला आणि बाकड्याकडे वळला. ‘पण मामा, तुम्ही तर पास केलं होतं.’

सगळे मामांकडे बघायला लागले. मीही. टपरीवाल्याने नुकताच त्यांच्या हातात चहा दिला होता. वाफ निघत होती. मामांनी ग्लास पूर्ण मुठीत धरला होता. नाचवणं नाही, ओरडणं नाही. बोटांची टोकं खडूसारखी पांढरी. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता; आपलं काय चुकलं हे शोधणाऱ्या माणसाचा.

मला मामांना शिकवणारा तो म्हातारा आठवला. आणि माझं तोंड, जे गिऱ्हाइकासमोर नेमकं हवं तेव्हा बंद पडतं, ते आपणहून सुटलं. ‘मामांना मी दुसरं तेल दाखवलं होतं,’ मी म्हणालो. ‘जुनं, चांगलं. डब्यातलं हे वेगळं.’

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. पैलवानाने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात मामाही आले हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याच दिवसापासून माझं नाव ‘भेसळ’ पडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं, पण मीही काही संन्यासी नव्हतो. तार न निघालेली मी डोळ्यांनी पाहिली होती. सगळ्यांना नवीन पट्ट्या आणि जुनं तेल देऊन मी घरी गेलो.

बायकोला बातमी माझ्या आधी पोचली होती. तिने ताट वाढलं आणि समोर बसली.

‘खोटं बोललात ना?’

‘तुला कसं कळलं?’

‘अहो, लोकांना फसवण्याइतकी अक्कल तुम्हाला असती, तर माळ्यावर ती खुर्ची कशाला असती?’

मग मी तिला ग्लासाचं सांगितलं. तिचं हसू गेलं. ‘मामांची अब्रू वाचवलीत,’ ती म्हणाली, ‘आणि उद्या ते पाळणाघराच्या झाडावर चढतायत.’

घास हातातच राहिला. पाळणाघराच्या छपरावर वाकलेलं ते जुनं झाड मामांशिवाय कोणी हातात घ्यायला तयार नव्हतं. मी कळवळ्याने जे बोललो होतो, त्याचा अर्थ एवढाच होता की मामांची बोटं ठणठणीत आहेत आणि त्यांनी खुशाल वर जावं. अशी मदत करणारा भाचा असेल तर माणसाला शत्रूची गरज नाही.

सकाळी मामांच्या घरी गेलो तेव्हा दार उघडंच होतं. मशीन उंबऱ्याशी तयार होतं, दोर गुंडाळून ठेवला होता. आत मामा हात खाली सोडून उभे होते आणि मामी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. वरपासून खालपर्यंत, एकेक. मला पाहून तिचा हात थांबला, मग तिने राहिलेलं बटण लावलं.

‘काय बघतोस?’ मामा गरजले. ‘नवरदेव बघितला नाहीस कधी?’

मी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एकीत जुनं तेल, दुसरीत माझं ते मधाच्या रंगाचं. रस्ताभर भाषण घोकत आलो होतो. त्यातलं एक अक्षर आठवेना. नुसतं म्हणालो, ‘मामा, जरा बघता का?’

त्यांनी दोन्ही बाटल्यांकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. खाली बसले. मामी आत गेली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

‘काल तू म्हणालास ना, मला दुसरं तेल दाखवलं म्हणून,’ मामा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. ‘आधी मला राग आला. माझ्याशी लबाडी करतोस म्हणजे काय! पण मग घरी आल्यावर वाटलं, अरे, म्हणजे माझ्या बोटांनी बरोबर सांगितलं होतं. तेल चांगलंच होतं. तुला सांगतो, किती महिन्यांनी काल मला शांत झोप लागली.’

मामी पदराने डोळे पुसायला लागली.

‘आता मला खरं सांग,’ मामा म्हणाले. ‘ते तेल दुसरं होतं ना?’

मला आयुष्यात पुष्कळदा वाटलंय की आपण जरा शहाणे असतो तर बरं झालं असतं. पण इतकं कळकळीने कधी वाटलं नव्हतं. त्यांना हवं होतं ते उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. काल चारचौघांत एकदा देऊनही झालं होतं. त्यांचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. शर्टाची बटणं नीट लागलेली होती.

‘नाही मामा,’ मी म्हणालो. ‘तेल तेच होतं.’

ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसले. पंजे उलटे केले, सुलटे केले, दुसऱ्या कोणाचे कोणी मांडीवर ठेवून गेल्यासारखे. मला रडू फुटलं. मी रडताना बरा दिसत नाही, म्हणून उठून मशीन उचललं, त्यांना ते उचलावं लागू नये एवढ्याचसाठी.

‘चल,’ ते म्हणाले.

‘कुठे?’

‘तुझ्या दुकानात. सगळे जमले असतील.’

जमले होतेच. मला पाहून पैलवानाने ‘या भेसळशेठ’ म्हणून स्वागत केलं. मामा बाकड्यावर बसले नाहीत. दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि नेहमीच्या दांडग्या आवाजात बोलले. ‘या गाढवाने कोणाला फसवलं नाही. फसवायला अक्कल लागते. तेल तेच होतं. बोटं माझी गेलीत.’

लांब्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मग ती कुठे ठेवायची हे त्याला सुचेना. मामांनी माझ्या हातातलं मशीन घेतलं, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, आणि लांब्यापुढे केलं. ‘पाळणाघराचं झाड तू घे. मी खाली उभा राहतो. मी सांगेन तिथेच घाव. स्वतःचं डोकं चालवलंस तर खालून दगड मारीन.’

‘बरं, मामा,’ लांब्या म्हणाला. एवढा उंच माणूस, पण आवाज कुठल्या कुठे गेला होता.

माझं नाव ‘भेसळ’च राहिलं. खरं कळलं म्हणून कोणी चांगलं जमलेलं नाव टाकून देत नाही.

मामा तेव्हा कुठे बाकड्यावर बसले. मी शेजारी बसलो. टपरीवाला चहा घेऊन आला, त्याने ग्लास पुढे केला. मामांचा हात सवयीने निघाला आणि मधेच थांबला. ते माझ्याकडे वळले, जरासे वाकले, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले.

‘गरम आहे का रे?’

मी ग्लासाला बोट लावून पाहिलं.

‘आहे, मामा. थांबा थोडं.’