चादरी कोण फाडतं?

इस्पितळाच्या धुलाईघरात मी एकोणीस वर्षं चादरींच्या घड्या घालते आहे, आणि कुणी उगीच गोड बोलत नाही एवढं मला तिथे पक्कं कळलं आहे. म्हणून रफूताई पहिल्यापासून माझ्या डोळ्यांत खुपल्या.

रफूताई म्हणजे आमच्याकडे फाटक्या चादरी शिवणारी बाई. पन्नाशीच्या पुढच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आधी एका शिंप्याकडे काजं करायच्या. ते दुकान बंद पडलं तशा आमच्याकडे आल्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. सकाळी त्याचं सगळं उरकून, त्याला भरवून यायच्या, तरी कपाळावर आठी नाही. हेच मला खटकायचं. माझ्या घरी सगळे धडधाकट, आणि तरी मी कामावर पोचते ती तोंड पाडूनच.

गेल्या वर्षी संप झाला, एकेचाळीस दिवसांचा. मी आणि माझ्यासारख्या काही जणी फाटकाबाहेर बसलो. काही जणी आत जाऊन मशीन चालवत राहिल्या. संप मिटला, पण आमच्यात 'आतल्या' आणि 'बाहेरच्या' अशा दोन फळ्या पडल्या त्या पडल्याच. डबा खायची बाकं वेगळी, पाणी प्यायचे पेलेसुद्धा वेगळे. रफूताई त्या दिवसांत नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या, त्यामुळे त्या ना इकडच्या ना तिकडच्या. त्या दोन्हीकडे सारख्याच बोलायच्या. "गुडघा काय म्हणतोय?" असं मिरचीला विचारायच्या. मिरची ही आतल्यांची म्होरकी. जीभ तशी, म्हणून नाव तसं. लगेच माझ्याकडे वळून, "मुलाचा ताप उतरला का हो?" मी "हो" म्हणायचे आणि मनात म्हणायचे, माझ्या मुलाच्या तापाशी हिला काय करायचंय?

घरी हे बोलून दाखवलं तर आमचे हे म्हणाले, "तुला कुणी पाणी दिलं तरी तू आधी पेल्यात वाकून बघशील."

"बघेनच," मी म्हटलं. "बघायला काय जातंय?"

मग मुकादमांच्या डोक्यात आलं, की दोन फळ्या मोडायच्या. त्यांनी जोड्या लावल्या, एक आतली आणि एक बाहेरची. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणून झटका द्यायचा, मग चालत समोरासमोर यायचं आणि एकीने दुसरीच्या हातातले कोपरे घ्यायचे. माझ्या वाट्याला मिरची आली. ती झटका द्यायची, मी त्याहून जोरात द्यायचे. कोपरे हातात देताना दोघी अशा ओढायचो, की कापड टर्रकन फाटायचं. "तू ओढलंस," ती म्हणायची. मी पुढची चादर उचलायचे. सगळ्याच जोड्यांत हे चाललं होतं. महिन्याभरात फाटलेल्या चादरींचा ढीग रफूताईंच्या टेबलाच्या वर गेला.

वरून विचारणा झाली. मुकादमांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "कोण फाडतं ते मला कळलं, तर तिने दुसरी नोकरी बघायची." त्यानंतर दर शनिवारी रफूताई नोंदवही घेऊन मुकादमांच्या खोलीत जाऊ लागल्या. दार बंद. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर यायच्या त्या थेट सुईत दोरा ओवायला बसायच्या. मला आणखी काय हवं होतं? गुडघा, ताप, सगळ्यांची विचारपूस, आणि शनिवारी बंद दाराआड सगळा हिशेब चुकता! आता माझी नोकरी जाणार, हे मी धरूनच चालले.

मी अर्ज लिहिला. 'रफूकाम करणाऱ्या बाई चहाड्या करतात, त्यांना इथून हलवावं.' बाहेरच्या सहा जणींच्या सह्या घेतल्या आणि कागद घेऊन थेट मिरचीच्या बाकापाशी गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदा आपणहून तिच्याशी बोलले.

"हे वाच. सही करतेस?"

तिने वाचलं. "मलाही तोच संशय होता," ती म्हणाली आणि सही केली. मग तिच्याकडच्या सहा जणींनी. आम्ही चौदा जणी त्या दिवशी अगदी बहिणी-बहिणी असल्यासारख्या वागलो, हे आठवलं की आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी मुकादमांनी मला बोलावलं. "अर्ज मंजूर. त्यांना तळघरात पाठवलंय, गाद्यांच्या खोळी शिवायला. बरं झालं. नाहीतरी ती बाई माझ्या काही उपयोगाची नव्हती. दर शनिवारी विचारायचो, कोण फाडतं? एकच पालुपद, कापड जुनं आहे. लेखी ताकीद दिली तरी तेच." त्यांनी वही माझ्यापुढे टाकली.

मी पानं उलटली. ओळीने एकच शब्द होता: विरली, विरली, विरली. विरलेलं कापड कसं दिसतं ते मला कळतं. ते जाळीसारखं होतं आणि सगळीकडून सुटतं. आमच्या चादरी कोऱ्या करकरीत होत्या आणि सरळ रेषेत फाटल्या होत्या. मंगळवारी मी आणि मिरचीने फाडलेली हिरवी चादरही तिथे होती. विरली.

मिरचीला सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "यात तुझा काय डाव आहे?" मग माझ्या बाकावर येऊन बसली. मी दुसरा अर्ज लिहिला. चादरी आम्ही फाडल्या, ताईंना परत आणावं. पहिलं नाव माझं घातलं. नोकरी जाणार हे मला दिसत होतं. मिरचीने पेन घेतलं आणि माझ्या नावाच्याही वर, अर्ध्या बोटाच्या जागेत, स्वतःचं नाव कोंबलं. "जास्त मी फाडल्या," ती म्हणाली. बाकीच्या बाराजणी कुरकुरत आल्या, पण आल्या.

मुकादमांनी सह्या मोजल्या. चौदा जणींना काढलं तर इस्पितळाला चादर मिळणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. "त्या रफूवाल्या बाईंची संमती यावर आणा, मग बघू," ते म्हणाले.

मी तळघरात गेले. रफूताई गाद्यांच्या थप्पीमागे खोळ शिवत होत्या. मी कागद दिला आणि एका दमात सगळं सांगितलं. माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, बसायला स्टूल दिलं. मग कागद वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, दिव्यासमोर धरला.

"या सह्यांच्या खाली जागा मोकळी का ठेवलीत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या सहीसाठी, ताई."

"माझी सही झाल्यावर वरती काय लिहिणार आहात?"

"काही नाही हो. शपथ घेऊन सांगते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं संशय घेत आले ती मी, आणि आता तसंच माझ्याकडे ही बाई बघत होती. मला रडू फुटलं. मी पेन घेतलं आणि त्यांच्या सहीपुरती जागा सोडून बाकी मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारली.

रेघ शेवटच्या सहीपासून कागदाच्या काठापर्यंत गेली आहे ना, ते त्यांनी बोट फिरवून तपासलं, आणि मगच सही केली.