टॉवरची सावली आणि गुणमालाआक्का

तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर गुणमालाआक्का पुन्हा खाली वाकल्या, सावलीची कड जिथं संपत होती तिथं गेरूची रेघ मारली आणि हातातलं घड्याळ बघितलं. पाऊण तास पलीकडच्या गल्लीतली राजेश्वरी त्यांच्यामागून पिशवी धरून चालत होती. देवाला फुलं आणायला निघालेल्या बाईला आक्कांनी वाटेत गाठून सांगलीच्या गल्ल्या मोजायला लावलं होतं.

"आक्का, लोकांना वाटंल, गटार टाकायचं काम तुम्हीच घेतलंय."

"वाटू दे. तू चल."

सावली होती नव्या बारा मजली टॉवरची. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा जरा फिरवलेला, अंगभर निळी काच. लोक थांबून फोटो काढत. राजेश्वरीला तो धुणं पिळून उभं केल्यासारखा दिसे, आणि मनातून आवडेही. पण आक्कांपुढं ती हे बोलत नसे. त्या टॉवरनं आक्कांचं जेवण बिघडवलं होतं.

जैन घरातली रीत म्हणून आक्का दिवस मावळायच्या आत जेवत. त्यात तीस वर्षांपूर्वी महाराजांसमोर नेम घेताना त्या जरा जास्तच बोलून गेल्या होत्या: अंगणात ऊन आहे तोवरच जेवीन. तेव्हा पश्चिमेला नुसता ऊस होता. आक्कांचे यजमान कल्लाप्पाकाका कुपवाडच्या कारखान्यातून पावणेसहाला येत आणि दोघं अंगणात बसून जेवत. आता पाचलाच सावली येई. आक्का एकट्या जेवून घेत, मग काकांना वाढून समोर बसत. एकदा काका म्हणाले, "खानावळीत आल्यागत वाटतंय." त्या दिवसापासून आक्कांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पंचांगातली वेळ धरा, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. "ऊन बोललीय मी, पंचांग न्हाई," म्हणून आक्का अंगणाच्या भिंतीवर गेरूचे ठिपके द्यायला लागल्या. रोज एक. सावली जितकी लवकर, ठिपका तितका खाली.

"भिंतीला गोवर आलाय, आक्का," राजेश्वरी चिडवायची. पण परवा तिनं आक्कांच्या फाटकातून बघितलं, तर संक्रांतीपासून खाली उतरत आलेले ठिपके आता हळूहळू वर चढायला लागले होते. सूर्य टॉवरच्या बाजूला सरकत होता. उन्हाळ्यात सुटणारच होता. मधले दीड-दोन महिनेच काय ते अडचणीचे.

चालत चालत दोघी राजेश्वरीच्याच फाटकाशी आल्या. सावली कुंपणाला घासून पलीकडं गेली होती. तुळशीवर चांगलं ऊन होतं. सहाला दहा कमी.

"अंगण कुणाचं, ते काय मी बोलले नव्हते," आक्का हळूच म्हणाल्या.

"महाराजांपुढं वकिली करताय व्हय?"

आक्का हसल्या नाहीत. पदराला गेरूची बोटं पुसत राहिल्या.

"ह्यांच्याबरोबर जेवायचंय गं मला. सैपाक आमचा, ताटं आमची. तू नुसतं फाटक उघडं ठेव. आनि एक..." त्या अडखळल्या. "रविवारी तुझ्या फौजी मालकांचं मटण दुपारच्यालाच उरकशील का? ह्यांना वास सोसत न्हाई, आनि तोंडानं सांगायचे न्हाईत."